आबिंगबाईंच्या संडासातलं कॅलेंडर

आधीच सांगते, हसायचं असेल तर शेवटपर्यंत ऐकून मग हसा. एका परक्या बाईच्या घरी, तिच्या संडासात, मी माझं नाव लिहून आले. भिंतीवर नाही हो, तेवढी काही मी वाह्यात नाही. कॅलेंडरवर लिहिलं.

मी बस चालवते, नऊ नंबरची, स्टेशन ते इस्पितळ. माझा नवरा हार्म शाळेत देखभालीचं काम करतो, म्हणजे मुलं जे मोडतात ते हा जोडतो. पगार रीतसर, कागदपत्रं रीतसर, आणि राहायला सासूबाईंचा माळा. दीड वर्ष झालं. त्या माळ्यावर हार्मला फक्त मधोमध ताठ उभं राहता येतं, बाकी सगळीकडे छपराला डोकं आपटतं. सासूबाई वाईट नाहीत. पण मी आंघोळीला गेले की चौथ्या मिनिटाला दार वाजतं, "योरीन, पाणी फुकट येत नाही गं!" रागावून भांडावं तर त्या बिचाऱ्या भाडंही घेत नाहीत. भाडं न घेणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा दीड वर्षातला माझा सगळ्यात मोठा शोध.

तोवर आठ घरं हातची गेली होती. घर बघायला दहा मिनिटं मिळतात. तुम्ही आत असता तेव्हा पुढचं जोडपं दारात उभं असतं, आणि तुम्ही बाहेर पडताना त्यांच्याकडे अशा नजरेने बघता की जणू त्यांनी तुमची सायकल चोरली आहे. मग बोली लावायची, बंद पाकिटात. शेजारच्या पाकिटात काय आहे ते देवालाच ठाऊक. मग दलालाचा फोन, "फार छान बोली होती तुमची, पण." त्या 'पण'च्या पुढचं ऐकायचं मी सोडूनच दिलं होतं.

नववं घर टिटवी गल्लीत निघालं. महायुद्धानंतर घाईघाईने उभारलेली ती वस्ती, सगळ्या रस्त्यांना पाखरांची नावं. एका ओळीत विटांची चौदा घरं, चौदाही तंतोतंत सारखी. पुढच्या खिडकीतून शिरलेलं ऊन मागच्या खिडकीतून बाहेर पडतं, एवढीच काय ती श्रीमंती. मागे सायकलींची बोळकांडी, पुढे मेंदीचं कुंपण. हार्मची आजी नाक मुरडून म्हणायची, तिकडे कारखान्यातली माणसं राहतात. आता तिथे घर मिळावं म्हणून डॉक्टर रांगेत उभे असतात.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आमची वेळ होती, दहा चाळीस ते दहा पन्नास. दलाल बास्टियान नावाचा, केसांना जेवढं तेल, जिभेलाही तेवढंच. दारातच त्याने सांगितलं, "बुटांवर ह्या पिशव्या चढवा. कपाटं उघडू नका. आणि संडास कृपया कुणी वापरू नये, घरमालकीण आबिंगआजींना आवडत नाही."

आता मी सकाळी सहापासून बस हाकून थेट तिथे आलेली. बस चालवणाऱ्या बाईला संडास वापरू नको म्हणणं म्हणजे काय असतं ते बसवाल्यांनाच कळेल. हार्म जमिनीखालच्या पोकळीत बॅटरी मारून ओल बघत होता, बास्टियान पुढच्या जोडप्याला घेऊन मागच्या शेडमध्ये गेला, आणि मी गुपचूप कडी लावून घेतली.

समोर दारावर वाढदिवसांचं कॅलेंडर. ते आमच्याकडे प्रत्येक घरात संडासातच असतं. सालं नसतात त्यावर, वार नसतात, नुसत्या तारखा. एकदा टांगलं की जन्मभर पुरतं. दुसऱ्याच्या संडासात बसल्यावर तिथे आपलं नाव शोधायचं, हा आमचा राष्ट्रीय खेळ आहे. नाव सापडलं नाही की बाहेर येऊन तोंड फुगवायचं.

मीही पानं चाळली. माणूस गेलं की नाव खोडत नाहीत, शेजारी छोटासा क्रूस काढतात. आबिंगबाईंच्या कॅलेंडरवर क्रूसच क्रूस. फेब्रुवारी तर अख्खा गेलेला. बिनक्रुसाचं एकच नाव दिसलं, ऑक्टोबरात, एव्हर्ट. आणि मे महिन्यात एकोणीस तारीख, म्हणजे माझी, पार कोरी.

दोरीला पेन लटकत होतं. का लिहिलं म्हणाल तर सांगता येत नाही. आठ घरवाल्यांनी आमचे पगार पाहिले होते, बँकेची पत्रं पाहिली होती, पण कुणी नाव विचारलं नव्हतं. आणि थोडी लबाडीही होती. समुद्रावर माणसं सकाळीच खुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरतात ना, तसं. मी मोठ्या छापील अक्षरांत लिहिलं, योरीन. मग पाणी न सोडताच बाहेर आले, आवाज नको म्हणून. हे ऐकून माझी आई काय म्हणेल त्याचा विचार मी करत नाही.

बोली लावली. सोबत हार्मने घरमालकिणीला चिठ्ठी लिहिली, हल्ली लिहितात तशी. लोक त्यात लेकराबाळांचे फोटो घालतात, कुत्र्यांचे घालतात. हार्मने लिहिलं, "मेंदी मी दर पंधरा दिवसांनी कापेन. कात्री माझी स्वतःची आहे." मी कपाळावर हात मारला. खाली सही, ह. आणि यो. नायबूर.

आणि दोन आठवड्यांनी फोन आला त्यात 'पण' नव्हतं!

मी बस डेपोत लावून अशी काही किंचाळले की दोन सहकारी आग विझवायचं नळकांडं घेऊन धावले. मंगळवारी, एकवीस तारखेला सह्या करायच्या ठरल्या. त्याआधी शुक्रवारी आजींनी कॉफीला बोलावलं, बॉयलर कसा चालू करायचा ते दाखवायला. सासूबाईंनी रिकाम्या माळ्यावर काय काय ठेवायचं त्याची यादीसुद्धा करायला घेतली.

शुक्रवारी दार उघडलं ते आजींच्या मुलाने, एव्हर्टने. साठीचा, चांगला माणूस, डोळ्यांखाली झोपेची उधारी. आजी स्वयंपाकघरात होत्या, आम्ही बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसलो. एव्हर्ट आमच्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "तुम्हाला म्हणून सांगतो, आई वर्षभर घर सोडायला तयारच नव्हती. मी तिकडे समुद्राकाठी, दोन तास लांब. चष्मा फ्रिजमध्ये सापडला एकदा, गॅस एकदा चालू राहिला. मी म्हणायचो, माझ्या गावातल्या वृद्धांच्या घरात ये. ही म्हणायची, माझं डोकं शाबूत आहे. घर दाखवू दिलं तेही मला गप्प करण्यापुरतंच. विकायचं नव्हतं तिला."

"मग?" हार्म म्हणाला.

"मग घर दाखवून झालं आणि तिला कॅलेंडरवर एक नाव दिसलं. तिनेच लिहिलेलं, तिच्याच पेनने. आणि तिला आठवेना ते कोण. तीन दिवस डोक्याला ताण दिला, जुन्या वह्या काढल्या, फोटो काढले. चौथ्या दिवशी मला फोन केला आणि म्हणाली, एव्हर्ट, तुझंच खरं, विकून टाक. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली असेल ती माझंच खरं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, "पण घर बघायला आलेल्यांपैकी कुणी..."

"छे! बास्टियानने छातीठोकपणे सांगितलंय, एकही माणूस संडासात गेलं नाही. आणि कुणाच्या घरात शिरून आपला वाढदिवस कोण लिहील हो? वेडं आहे का कुणी?"

"काय नाव होतं?" हार्मने विचारलं. ह्याला नको तिथे कुतूहल.

"योरीन."

"योरीन? अरे, पण ही तर..."

मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर अशी लाथ घातली की मांडलेले रिकामे कप हलले.

"ही तर काय?" एव्हर्ट म्हणाला.

"ही... ही खुर्ची फार चांगली आहे," हार्म म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आजी कॉफी घेऊन आल्या. चौऱ्याऐंशीच्या, काटक, केस नीट विंचरलेले. माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "नुसतं नायबूर काय म्हणायचं? मी काय पोस्टमन आहे? तुझं नाव काय पोरी?"

"योहाना," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. पासपोर्टात मी योहाना आहे, योरीन घरीदारी. पण खाई त्याला खवखवे.

"योहाना, तुझ्या ओळखीत कुणी योरीन आहे का गं?"

"नाही," मी म्हटलं. हे मात्र चक्क खोटं होतं.

"असू दे," आजी म्हणाल्या. "रविवारी एकोणीस तारीख आहे. मी सफरचंदाचा केक करणार आहे. मला आठवत नाही तो माझा दोष, तिचा वाढदिवस आहे त्यात तिची काय चूक? आली तर आली."

"आई, कोण येणार आहे?" एव्हर्ट म्हणाला.

"तू गप रे. बॉयलर दाखव त्यांना."

बॉयलर कसा चालू करतात ते मला आजही येत नाही.

परत येताना हार्मने कालव्याच्या पुलापर्यंत सायकल दामटली. पुलावर सायकल थांबवून म्हणाला, "योरीन, तू लिहिलंस?"

"हो."

"का?"

"गंमत म्हणून."

"गंमत," तो म्हणाला. "मंगळवारी सह्या आहेत. सह्या झाल्यावर सांगितलं तर?"

तुम्हाला काय सांगू, मीही तोच हिशेब करत होते. सह्या झाल्या की घर आमचं. मग सावकाश जाऊन माफी मागावी, फुलं न्यावीत. नाहीतरी त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडलाच होता की. वय झालंय, आज ना उद्या जायचंच होतं त्यांना. असं मी स्वतःला शुक्रवारी समजावलं, शनिवारी समजावलं, बस चालवताना तर इतकं समजावलं की इस्पितळाचा थांबा मागे गेला आणि एक प्लास्टरवाले गृहस्थ माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत उतरले.

रविवारी दुपारी माझ्या वाढदिवसाला सासूबाईंनी पंधरा खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या. मी त्या खुर्च्यांकडे बघितलं आणि मला टिटवी गल्लीतलं टेबल दिसायला लागलं. अख्खा केक, दोन बशा, आणि आजी खिडकीतून रस्त्याकडे बघतायत. माझी वाट बघतायत, आणि मी कोण ते त्यांना माहीत नाही. मला ते सहनच होईना. राग आला मला, माझा, हार्मच्या कात्रीचा, त्या दोरीला बांधलेल्या पेनाचासुद्धा.

"मी जाते," मी हार्मला म्हटलं. "हात दाखवून अवलक्षण तर आहेच, पण जाते."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माळ्याच्या जिन्याकडे बघितलं. "जा," तो म्हणाला. "पाहुण्यांना मी सांभाळतो. आणि आईला सांगतो की यादी करायची थांबव."

आजींनी दार उघडलं तेव्हा त्यांनी निळा झगा घातला होता आणि गळ्यात मोत्यांची माळ होती.

"योहाना? मंगळवारी ना सह्या?"

"योरीन," मी म्हटलं. "मला घरी योरीन म्हणतात. आज माझा वाढदिवस आहे."

आधी त्यांनी माझ्या गालांचे तीन पापे घेतले, उजवा, डावा, उजवा, रीत म्हणजे रीत. "अभिनंदन," म्हणाल्या. मला आत नेलं, बसवलं, केकचा मोठा तुकडा कापला, माझ्यापुढे ठेवला, स्वतः समोर बसल्या, हाताची घडी घातली आणि मग म्हणाल्या, "आता बोल."

मी बोलले. पिशव्या घातलेले बूट, कडी, पेन, सगळं. पाणी सोडलं नाही तेही सांगितलं.

"ते मला कळलं होतं," आजी म्हणाल्या. "मला वाटलं, तेही मीच विसरले."

आणि एकदम त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. खांदे गदगदत होते. "म्हणजे मी विसरलेच नव्हते! अगं बये, तीन आठवडे! तीन आठवडे मी योरीन, योरीन करत फिरतेय. मेलेल्या माणसांच्या नातीसुद्धा मोजून झाल्या माझ्या!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मला नीट न्याहाळलं. "मंगळवारनंतर आली असतीस तर घर तुझं होतं."

"हो."

"मग आज का आलीस?"

"केक केलात ना तुम्ही."

त्यांनी मान हलवली. मग सरळ, जसं आमच्याकडे सगळंच तोंडावर सांगतात तसं सांगितलं, "घर मी विकत नाही. तुला काय, कुणालाच नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि भोकाड पसरलं. लाज नाही वाटली. नऊ घरं, दीड वर्ष, चार मिनिटांची आंघोळ, सगळं त्या केकवर गळायला लागलं. आजींनी समजूत वगैरे काढली नाही. हातरुमाल दिला आणि फोन उचलला.

"एव्हर्ट? ऐक. योरीन आली आहे. केक खातेय."

फोन त्यांनी टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. पलीकडून एव्हर्टचा आवाज, लहान मुलाशी बोलावं तसा. "आई. तू बसलेली आहेस ना? मला सांग, खोलीत खरंच कुणी आहे का?"

आजींनी मला डोळा मारला. "आहे ना. रडतेय बिचारी."

"आई, तू कुठे जाऊ नकोस. मी निघतोच."

"बोल गं," आजी म्हणाल्या. मी नाक ओढत म्हटलं, "मी नायबूर. मी योरीन. ते मी लिहिलं होतं."

त्यानंतर एव्हर्ट जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही, आणि त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. दमला तेव्हा म्हणाला, "पण आई, तो चष्मा, तो गॅस. विसरायला तर लागली आहेसच तू."

"एव्हर्ट," आजी म्हणाल्या, "दहा मार्चला काय होतं?"

"दहा मार्च? रविवार होता बहुतेक. का?"

"माझा वाढदिवस होता."



"चुकलं माझं, आई," तो म्हणाला. आजी "हं" म्हणाल्या आणि मऊ आवाजात त्याला सावकाश गाडी चालवायला सांगून फोन ठेवला.

"तो चांगला आहे," त्या मला म्हणाल्या. "दोष त्याचा नाही. त्याची बायकोच लक्षात ठेवायची, ती गेली चार वर्षांपूर्वी." त्यांनी माझ्या बशीत अजून एक तुकडा वाढला. "आपला वाढदिवस आपण आपल्या कॅलेंडरवर कधी लिहितो का? नाही. तो दुसऱ्यांच्या संडासात असतो. आणि ज्यांच्या संडासात माझं नाव होतं, ती सगळी माणसं गेली. घरं रिकामी केली त्यांच्या मुलांनी. कॅलेंडरं काय, कचऱ्यात. यंदा दहा मार्चला मी सकाळपासून तयार होऊन बसले होते, हाच झगा. दाराची बेलसुद्धा तपासली, बिघडली की काय म्हणून."

मी चमचा खाली ठेवला.

"दहा मार्च," आजी पुन्हा म्हणाल्या, बोट माझ्याकडे रोखून. "लिहून ठेव. एवढं नुकसान केलंस तर एवढं तरी कर."

"लिहीन हो. पण कुठे लिहू?" मी म्हटलं. "माझा स्वतःचा संडासच नाही."

आजींनी माझ्याकडे बघितलं, मी आजींकडे बघितलं, आणि आम्ही दोघी अशा हसत सुटलो की पलीकडच्या घरातून कुणीतरी भिंतीवर ठोकलं.

"मग शोध की घर," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आणि जरा लवकर शोध. मी चौऱ्याऐंशीची आहे."